हुद्दा साहेबाचा, काम कामगाराचं

चेन्नईतल्या एका आयटी अभियंत्याला त्याच्या कंपनीने 2015 मध्ये घरी बसवलं. तो कामगार न्यायालयात गेला. कंपनीचं म्हणणं असं पडलं की हे गृहस्थ कामगार नव्हेतच. त्यांचा दर्जा मॅनेजरचा, सबब कामगार कायद्याशी त्यांचा संबंध येत नाही. सात वर्षांनी, 2022 मध्ये निकाल लागला. हुद्दा काहीही असो, काम कामगाराचंच आहे असं न्यायालयाने धरलं आणि त्याला परत कामावर घेण्याचा, मधल्या काळाचा पगार देण्याचा आदेश दिला.

लॅपटॉप, इंजिनिअरिंगची पदवी, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि तरी कामगार? आपल्या डोळ्यांपुढे कामगार म्हटलं की अजून गिरणीचा भोंगा, डब्याची पिशवी आणि लाल बावटाच उभा राहतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, गिरण्या बसल्या, त्यांच्या जागांवर मॉल आणि कचेऱ्या आल्या. त्यातून एक समजूत घट्ट होत गेली की कामगार नावाची जमात इतिहासजमा झाली. उरले ते नोकरदार, आणि नोकरदारांतले शिकलेले ते ‘प्रोफेशनल’. ही समजूत किती पोकळ आहे, हे समाजशास्त्राच्या पुस्तकांआधी आपल्या कायद्याकडे पाहिलं तर लवकर कळतं.

औद्योगिक विवाद कायदा 1947 चा. त्यात सुरुवातीला कामगार म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा माणूस. 1956 च्या दुरुस्तीने तांत्रिक आणि देखरेखीचं काम करणारेही त्या व्याख्येत आले. बाहेर ठेवले ते प्रामुख्याने व्यवस्थापकीय नि प्रशासकीय काम करणारे, आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेणारे देखरेखदार. ही रक्कम आधी 500 रुपये होती, मग 1,600 झाली, 2010 मध्ये 10,000 झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्यात ती 18,000 आहे.

इथे बहुतेक जण गडबडतात. पगाराची ही मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्याला लागू आहे. जो स्वतः तांत्रिक काम करतो त्याला पगाराची वरची मर्यादाच नाही. महिना दोन लाख घेऊन दिवसभर कोड लिहिणारा कायद्याने कामगार ठरू शकतो, आणि वीस हजारांवर दुकानातल्या पोरांवर नजर ठेवणारा सुपरवायझर ठरणार नाही. वैमानिकांचंच घ्या. 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस संप केला तो इंडियन पायलट्स गिल्ड या त्यांच्या संघटनेच्या झेंड्याखाली, आणि वैमानिक हे कामगार असल्याचा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला आहे. विमानात ‘कॅप्टन’ म्हणवून घेणारा माणूस जमिनीवर कामगार असू शकतो, याचं न्यायाधीशांना नवल वाटत नाही.

याचं कारण, न्यायालयं दारावरची पाटी वाचत नाहीत. माणसाचं रोजचं मुख्य काम बघतात. हाताखालच्याची रजा मंजूर करता का? कुणाला नोकरीवर घ्यायचा, काढायचा, चौकशी लावायचा अधिकार आहे का? कंपनीला बांधून घेणारा निर्णय स्वतःच्या सहीने घेता येतो का? अधूनमधून चार जणांना काम वाटून दिलं म्हणजे कुणी व्यवस्थापक होत नाही.

आता हिंजवडीतल्या सात-आठ वर्षं अनुभव असलेल्या एखाद्या टीम लीडला हे प्रश्न लावून बघा. सकाळच्या कॉलवर काल काय केलं आणि आज काय करणार हे तो सांगतो. कामाची तिकिटं क्लायंटकडून पडतात, ती किती तासांत उरकायची हे दुसरीकडेच ठरलेलं असतं. संध्याकाळी टाइमशीट भरायची, कारण क्लायंटला बिल तासांवर जातं. हाताखालच्या मुलीने रजा मागितली की पोर्टलवर मंजुरीचं बटण दाबायचं काम त्याचं, पण रिलीजच्या आठवड्यात ते दाबायचं नाही हे वरून आलेलं असतं. अप्रेझलला तो रेटिंग देतो. कोणतं रेटिंग किती जणांना, हा कोटा त्याच्या हातात यायच्या आधीच बांधलेला. प्रोजेक्ट संपलं की तोही इतरांसारखा बेंचवर, आणि पुढचं प्रोजेक्ट लवकर मिळालं नाही तर एचआरची मीटिंग.

गिरणीतल्या जॉबरकडे याच्यापेक्षा जास्त सत्ता होती. जॉबर गावाकडून माणूस आणायचा, खात्यात चिकटवायचा, त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा, बिनसलं की काढून टाकायचा. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या या मनमानीवर ताशेरे ओढले आहेत. तो जॉबर चाळीतच राहायचा आणि कामगारवस्तीतलाच धरला जायचा. आजच्या लीडला माणूस आणता येत नाही, काढता येत नाही, दस्तुरी तर सोडाच, पण कार्डावर मॅनेजर लिहिलेलं असतं.

कंपन्या हुद्दे असे सढळ हाताने का वाटतात, हे यातून उघड व्हावं. हुद्द्याला खर्च काही नाही. माणूस खूश होतो, आणि उद्या वाद झालाच तर ‘हे व्यवस्थापकीय पद आहे’ असं म्हणायला कागद तयार राहतो. स्थळं बघताना बायोडेटात असिस्टंट मॅनेजर शोभून दिसतं, हा तिसरा फायदा; तो मात्र मुलाच्या आईवडिलांचा.

हे सगळं आयटीनेच सुरू केलं असं मानायचं कारण नाही. हॅरी ब्रेव्हरमन नावाचा एक अमेरिकन लेखक होता. तरुणपणी त्याने गोदीत तांबटाचं काम शिकून केलेलं. 1974 मध्ये त्याचं ‘लेबर अँड मोनॉपली कॅपिटल’ हे पुस्तक आलं. त्यातलं मुख्य म्हणणं थोडक्यात असं: काम कसं करायचं याचा विचार एकीकडे आणि प्रत्यक्ष करणं दुसरीकडे, अशी फोड मालक सतत करत राहतो. विचार वर सरकतो, खाली उरतात ते तुकडे. तुकडे करायला कमी शिकलेला, सहज बदलता येणारा माणूस चालतो. हे आधी कारखान्यात झालं आणि मग कचेरीतही होणार, असं त्याने मांडलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण बँकेत मिळेल. राष्ट्रीयीकृत बँकेचा जुना शाखाधिकारी कर्ज मागायला आलेल्या माणसाला समोर बसवायचा, दुकान बघून यायचा, गावात चार ठिकाणी चौकशी करायचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर शेरा मारायचा. शेरा चुकला तर त्याची बदली. आज किरकोळ कर्जाच्या अर्जात माहिती भरली की सिबिलचा आकडा येतो आणि मंजुरी किंवा नकार प्रणालीच देते. पारख यंत्रात गेली. शाखेतल्या माणसाकडे उरलं ते कागद गोळा करणं आणि जोडीला विमा खपवणं. (जुन्या पारखीत ओळखपाळख आणि जातपात भरपूर असायची, हेही खरं, यंत्राने तेवढं बरं केलं म्हणायला हरकत नाही.)

ब्रेव्हरमनच्या सिद्धांतात एक अडचण मात्र राहतेच. काम सोपं झालं तरी काही पांढरपेशा नोकऱ्यांत पगार, वार्षिक वाढ, पेन्शन, मान हे सगळं टिकून का राहिलं? त्याचं मला पटणारं उत्तर जॉन गोल्डथॉर्प या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने दिलं. तो म्हणतो, नोकरीचे करार मुळात दोन जातींचे असतात. एकात काम मोजता येतं: इतके नग, इतके तास, इतके पैसे. दुसऱ्यात काम मोजणं अवघड असतं. वकील मसुद्यावर मन लावून विचार करतोय की खिडकीबाहेर बघतोय, हे साहेबाला बाहेरून कळत नाही. मग अशा माणसावर भरवसा टाकावा लागतो, आणि भरवशाची किंमत म्हणून त्याला बढतीची शिडी, नोकरीची शाश्वती, म्हातारपणाची सोय द्यावी लागते. पहिला करार मजुरीचा, दुसरा सेवेचा. माणूस कोणत्या वर्गात पडतो ते या करारावरून ठरतं. पगाराचा आकडा त्याच्या मागून येतो.

आता यात एकच गोष्ट बदलून बघा. समजा, मोजता न येणारं काम मोजता यायला लागलं. कीबोर्डवर किती वेळ बोटं पडली, कोडमध्ये किती ओळी गेल्या, तिकीट किती मिनिटांत बंद झालं, कॉल किती सेकंद चालला, डॉक्टरने तासाभरात किती पेशंट तपासले, हे सगळं पडद्यावर दिसायला लागलं की भरवशाची गरज उरत नाही, आणि भरवशापोटी दिलेल्या सवलती मालकाला नाहक खर्च वाटायला लागतात. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिकलेल्यांच्या व्यवसायांत जे घडलं त्याचं मर्म इथे आहे. पदव्या वाढल्या, पगारही काहींचे वाढले, पण करार दुसऱ्या जातीतून पहिल्या जातीत सरकला. घरून काम करताना माउस हलता राहावा म्हणून बाजारात छोटं यंत्र मिळतं; ते विकत घेणाऱ्याला आपण कोणत्या करारात आहोत हे गोल्डथॉर्प न वाचताही समजलेलं असतं.

या स्थित्यंतरात सगळ्यांची अवस्था सारखी नाही, आणि फरक पडतो तो बऱ्याचदा आधी कोण संघटित झालं होतं यावरून. राष्ट्रीयीकृत बँकेतला क्लार्क स्वतःला कामगार म्हणवून घेतो, त्याची संघटना 1946 पासून आहे, आणि त्याचा पगार बँकांच्या संघटनेशी होणाऱ्या द्विपक्षीय करारातून ठरतो. 2024 च्या करारात 17 टक्के वाढ मिळाली. त्याच रस्त्यावरच्या खासगी बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर टाय लावून बसतो, महिनाअखेरीला किती खाती उघडली, किती पॉलिसी विकल्या याचा रोजच्या रोज हिशेब देतो, आणि संघटनेचं नाव काढायचीही त्याची छाती होत नाही. मॅनेजर कोण, हे दोघांची कार्डं न बघता सांगायला सांगितलं तर पंचाईत होईल.

एसटी स्टँडवर काळी बॅग घेऊन उभे असलेले औषध कंपन्यांचे एमआर आठवा. पायात पॉलिशचे बूट, खिशात पेन, रोज दहा-बारा डॉक्टरांच्या दारात ताटकळणं, रात्री लॉजवर बसून रिपोर्ट पाठवणं. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री प्रतिनिधी हा कामगार नव्हे असा निकाल दिला. मग संघटनांनी रेटा लावला आणि 1976 मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुढे 1994 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा स्पष्ट केलं की जो व्यवस्थापक नाही तो आपोआप कामगार ठरत नाही. अंगमेहनत, कारकुनी, तांत्रिक अशा कुठल्यातरी खणात तो बसला पाहिजे. नव्या संहितेने विक्री प्रतिनिधी आणि श्रमिक पत्रकार या दोघांना कामगारांच्या व्याख्येतच घातलं आहे. पत्रकारांसाठीही 1955 पासून वेगळा कायदा होता. नंतरच्या काळात वृत्तपत्रांनी त्यांना कंत्राटावर घेऊन तो पुष्कळसा बिनकामाचा करून टाकला, ते वेगळं.

कुठल्याच खणात न बसलेले म्हणजे शिक्षक. पणजीजवळच्या करंजाळ्यातल्या एका शाळेने 1975 मध्ये एका शिक्षिकेला कामावरून कमी केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1978 च्या गाजलेल्या निकालाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ ठरलेला होताच, तेव्हा प्रश्न एवढाच होता की शिक्षिका कामगार की नाही. 1988 मध्ये न्यायालयाने नाही म्हटलं. शिकवणं हे उदात्त कार्य आहे. ते कारकुनी नाही, अंगमेहनत नाही, तांत्रिकही नाही. म्हणजे त्याच शाळेतला शिपाई आणि हेडक्लार्क कामगार, आणि शिक्षिका मात्र त्या संरक्षणाबाहेर. ग्रॅच्युइटी मिळायलाही शिक्षकांना 2009 च्या दुरुस्तीची वाट बघावी लागली.

उदात्तपणाचा हा शिक्का महाराष्ट्रात कसा पडतो पाहा. 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. ते इतकी वर्षं इतकं तुटपुंजं होतं की 2023 मध्ये वाढवल्यावर प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झालं. महाविद्यालयांत नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही. विनाअनुदानित शाळांत आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर बिनपगारी राबलेल्या शिक्षकांच्या कथा तर गावोगाव आहेत. नाक्यावरच्या मजुराला निदान संध्याकाळी रोजी मिळते. मान देऊन दाम कापण्याची ही पद्धत आशा सेविकांच्या बाबतीत टोकाला गेली: 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या बायका सरकारदरबारी स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना वेतन नाही, मोबदला.

मग इतके सगळे जण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला का कचरतात? निव्वळ अर्थशास्त्राने याचं उत्तर मिळत नाही. आपल्याकडे हाताच्या कामाला जातीचा वास चिकटलेला आहे, आणि पेन धरणं म्हणजे त्यातून सुटणं. खुद्द गिरण्यांतही हे होतं. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे बॉबिनचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून दलितांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. डॉ. आंबेडकरांनी कम्युनिस्ट नेत्यांना याच मुद्द्यावर कोंडीत पकडलं. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची वाटणी आहे, हे त्यांचं म्हणणं खात्यांच्या भिंतींतून दिसत होतं. तेच आंबेडकर 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संपात उतरले, कारण ते विधेयक संपाचा हक्कच आवळत होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. कामगार म्हणून एक असणं आणि जातीने विभागलेलं असणं एकाच वेळी खरं असतं, हे आजच्या कॅन्टीनमध्येही बघता येतं: एकाच इमारतीत अभियंता कंपनीच्या पगारपत्रकावर, हाउसकीपिंगची मावशी कंत्राटदाराच्या, आणि मावशीच्या आडनावावरून तिची जात ओळखणारे अभियंते पुष्कळ.

हुद्द्याची युक्ती खालच्या टोकालाही वापरली जाते, फक्त तिथे मॅनेजरऐवजी ‘पार्टनर’ म्हणतात. जेवण पोचवणारा, टॅक्सी चालवणारा हा कंपनीचा भागीदार. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने 2020-21 मध्ये देशात अशा गिग कामगारांची संख्या 77 लाख धरली होती. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची पहिल्यांदा व्याख्या केली खरी, पण ती करताना हे लोक पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे आहेत असंही लिहून ठेवलं. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत घालायची, एवढी सोय. अ‍ॅप त्यांना ऑर्डर देतं, मार्ग दाखवतं, रेटिंग पडलं की आयडी बंद करतं. चेन्नईच्या अभियंत्याला लावलेली कसोटी यांना लावली तर भागीदारीचं काही शिल्लक राहील असं मला वाटत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उबरचे चालक कामगार असल्याचं म्हटलं ते साधारण याच तर्काने.

कामगार ठरल्याने मिळतं तरी काय, हा प्रश्न रास्त आहे. फार नाही. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. कपात करताना सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. पुन्हा भरती करताना काढलेल्याला आधी विचारायचं. औद्योगिक संबंध संहितेत यात आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून मिळण्याची तरतूद आहे. कपातीला सरकारची परवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना, तीही आता 100 ऐवजी 300 किंवा त्याहून जास्त कामगार असले तरच. आयटी कंपन्यांना ती आधीही लागत नव्हती.

एवढंसं देणंही टाळायचा सोपा मार्ग कंपन्यांना सापडलेला आहे. मीटिंगला बोलावून एचआर सांगते की आजच राजीनाम्याचा मेल टाका, दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाही टाकला तर ‘टर्मिनेटेड’ असं लिहिलं जाईल आणि पुढची कंपनी चौकशी करील तेव्हा तेच दिसेल. घराचा हप्ता चालू असतो. माणूस मेल टाकतो. आणि स्वेच्छेने राजीनामा दिलेल्या माणसाची कायद्याच्या भाषेत कपात झालेलीच नसते, त्यामुळे नोटीस, भरपाई, शेवटी आलेला आधी, यातलं काही लागू होत नाही. तो मेल दबावाखाली लिहिला हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच येते. पुण्यात आणि बेंगळुरूमध्ये आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना गेल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या, कर्नाटकातली 2017 पासून नोंदणीकृत आहे, त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा सक्तीचा राजीनामा कायमचाच. संघटनेचे लोक पहिल्यांदा विचारतात ते, हुद्दा काय होता हे नाही. मेल टाकलाय का?